कोऱ्या ओळीचा शुक्रवार

पहाटे ५.५०

नागावात गजर लावायची गरज पडत नाही. पावणेसहाला शेजारच्या वाडीतला पंप सुरू होतो आणि पाठोपाठ पाटाचं पाणी सुपारीच्या आळ्यांत शिरल्याचा आवाज येतो. आजीच्या काळी हे काम रहाट करायचा. आता रहाट दिसतो तो कॉटेजच्या दारात, रंग लावलेला, पाहुण्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढावेत म्हणून. पंपाच्या आवाजात चहा ठेवायचा आणि दिवसाची यादी मनात लावायची, ही माझी जुनी सवय.

आजची यादी छोटी होती. शुक्रवार, आणि २६ जानेवारी यंदा सोमवारी, म्हणजे तीन दिवसांची सलग सुट्टी. अशा शुक्रवारी मी नवीन काम घेत नाही. संध्याकाळपासून मांडव्याच्या जेट्टीकडून आणि वडखळच्या रस्त्यानं माणसं लोटायला लागतात, आणि ज्यांच्या गल्ल्यावर माझी कामं चालतात त्यांना तेव्हा शांतता हवी असते, सुधारणा नको असतात.

मी काय करते हे गावात समजावणं कठीण, ‘कॉम्प्युटरवाली’ एवढं पुरतं. अलिबागला बरीच वर्षं एमएस-सीआयटीचे वर्ग घेतले, मग घरी बसून ॲक्सेसमध्ये लोकांच्या नोंदवह्या बांधून द्यायला लागले. चार कॉटेजवाले, एक दवाखाना, एक नारळ-सुपारीचा व्यापारी, असं माझं साम्राज्य. ॲक्सेस मायक्रोसॉफ्टनं १९९२ साली बाजारात आणलं. ते आता संपलं, असं मी वर्गात शिकवत होते तेव्हापासून ऐकतेय. माझ्या सहा गिऱ्हाइकांना ते अजून कुणी कळवलेलं नाही.

सकाळी ७.१०

काकूंचा फोन. काकू म्हणजे आमच्या मागच्या आळीतल्या, वाडीत सहा खोल्या, निवास आणि न्याहारी, शिवाय आगाऊ सांगितलं तर उकडीचे मोदक.

“अगं, आजच्या यादीत सतरा जण कोरे आलेत.”

“कोरे म्हणजे?”

“नाव नाही, गाव नाही, माणसं किती ते नाही. नुसती आजची तारीख. यांना जेवायला धरू की नको?”

मी चहाचा कप खाली ठेवला. सतरा भुतांसाठी तांदूळ भिजत घालायचे की नाहीत, हा प्रश्न माझ्या शिक्षणाच्या कुठल्याच वर्षात आला नव्हता.

“धरू नका,” म्हटलं. “मी येतेच.”

“ये, पण सहाच्या आत आटप हो. सहानंतर मला मशिनीपाशी बसायला वेळ नाही.”

फोन ठेवल्यावर आठवलं की गेल्याच आठवड्यात काकूंच्या फॉर्ममध्ये मी तीन ओळी घातल्या होत्या. म्हणजे भुतं कुणी सोडली याचा तपास करायला फार लांब जायला नको होतं.

सकाळी ८.३०

निघता निघता दवाखान्यातून कंपाउंडरचा फोन.

“मॅडम, सगळे पेशंट गेले.”

“कुठे?”

“कॉम्प्युटरातून. एकच ओळ राहिलीय, तीही रिकामी.”

हे दुखणं मला पाठ आहे. ॲक्सेसचा फॉर्म दोन तऱ्हांनी उघडता येतो: जुन्या नोंदींसकट, किंवा फक्त नवी नोंद घालण्यापुरता. दुसऱ्या तऱ्हेनं उघडला की जुनी एकही नोंद दिसत नाही. ती गेलेली नसते, समोर आणलेली नसते एवढंच. दवाखान्यातल्या नव्या मुलीनं ‘नवीन पेशंट’चं बटण दाबून फॉर्म उघडला असणार आणि तो तसाच ठेवून गेली असणार. “बंद करा आणि ‘यादी’वरून उघडा,” म्हटलं. दोन सेकंद शांतता, मग दीर्घ सुस्कारा. “आले मॅडम, सगळे आले.” डॉक्टरांनासुद्धा इतक्या स्वस्तात एवढे पेशंट वाचवता येत नसतील.

सकाळी ९.२०

काकूंकडे जायला वाडीतली वाट. पावलांखाली झावळ्या नि वाळकी पोय पडलेली, मधूनच बुंध्यांच्या रांगेत मोकळी जागा. ती मोकळी जागा ३ जून २०२० ची. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं त्या दिवशी आमच्या आळीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. नवीन लावलेली झाडं आता कुठे डोक्यावर गेलीत. वीज कितीतरी दिवस नव्हती, आणि त्या दिवसांत काकूंचं गिऱ्हाईक कोण, कुणाचे पैसे परत करायचे, हे सगळं निघालं ते लाल कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरमधून. मशीन बंद होतं. रजिस्टरला वीज लागत नाही, हे काकूंनी मला तेव्हापासून दर दोन महिन्यांनी ऐकवलेलं आहे.

ते रजिस्टर अजूनही गल्ल्यावर असतं आणि मी ते काढा म्हणत नाही. नवीन व्यवस्था आली की जुनी काही काळ जोडीला चालू ठेवावी, हे शहाणपण मला अलिबागच्याच एका कुंपणाआडून मिळालं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं दिसल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली भूचुंबकीय निरीक्षणं बिघडतील म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. पण कुलाब्याचं काम लगोलग थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी मोजमाप चाललं, दोन्हीकडचे आकडे ताडून बघता आले, आणि म्हणून १८४० च्या दशकात सुरू झालेली नोंदींची माळ मध्येच तुटली नाही. वर्गात मुलांना मी हे सांगायचे, मुलं खिडकीबाहेर बघायची.

काकू पडवीत वाल सोलत होत्या. कडवे वाल, रात्री भिजवून मोड आलेले. “मशीन तिथेच आहे,” म्हणाल्या, जणू ते पळून जाण्याची शक्यता होती.

सकाळी ९.४५

काकूंचा बुकिंगचा फॉर्म तक्त्यासारखा आहे. एकाखाली एक ओळी, रजिस्टरसारख्या, कारण त्यांना तसाच हवा होता. प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला करडी पट्टी. सगळ्यात खालच्या ओळीच्या पट्टीत एक छोटा तारा असतो. ही ओळ अजून टेबलात नाही, हिच्यात लिहिलंत तर नवीन नोंद होईल, असं तो तारा सांगतो. पहिलं अक्षर टाइप केलं की ताऱ्याच्या जागी पेन्सिल येते: लिहिणं चालू आहे, अजून जतन झालेलं नाही. आणि ओळ सोडून वर किंवा खाली गेलं की पेन्सिल जाते, नोंद पक्की. विचारत नाही, ‘सेव्ह करू का’ म्हणत नाही. ॲक्सेसचा हा स्वभाव वर्ड-एक्सेलवरून आलेल्या माणसाला फार दिवस पचत नाही.

“काकू, तुम्ही काल काय केलंत ते तसंच करून दाखवा.”

“काही नाही केलं. शेवटची बुकिंग बघायला खाली गेले.”

“कशा गेलात?”

त्यांनी वालाचे हात पदराला पुसले, खालच्या बाणाच्या कळीवर बोट ठेवलं आणि ठेवूनच दिलं, विहिरीत दोर सोडावा तसं. ओळी सरकायला लागल्या. डिसेंबर गेला, नाताळ गेला, जानेवारी आला, शेवटची बुकिंग आली, तारा आला. आणि दोर थांबला नाही. ताऱ्याच्या ओळीत तारीख उमटली, पेन्सिल आली, लगेच खाली दुसरा तारा, तिथेही तारीख, पुन्हा पेन्सिल, पुन्हा तारा. काकूंनी बोट उचललं तोवर आणखी नऊ झाले होते.

“बघ,” काकू म्हणाल्या. “तळच नाही.”

अगदी बरोबर बोलल्या. नेहमीच्या फॉर्ममध्ये रिकामी शेवटची ओळ हाच तळ असतो. तिथे पोचलं, काही लिहिलं नाही, तर त्याच्या खाली जाता येत नाही. माझ्या तीन ओळींनी तो तळ काढून घेतला होता.

झालं होतं असं. काकूंचं म्हणणं, फोन सोमवारी आला काय नि बुधवारी आला काय, माणूस येणार शुक्रवारीच. मग ‘येणार’च्या रकान्यात येणाऱ्या शुक्रवारची तारीख आपोआप पडू दे. मागणी वाजवी होती. मी फॉर्मच्या ‘ऑन करंट’ या घटनेत कोड लिहिला. ही घटना दर वेळी एका ओळीवरून दुसरीवर गेलं की घडते. कोडात विचारलं होतं, ही ओळ नवीन आहे का? असेल तर तारीख घाल. जुन्या नोंदींच्या तारखा बदलू नयेत म्हणून तो प्रश्न अत्यावश्यक होता, आणि तो मी विचारलाही होता. त्यामुळेच तर मला आठवडाभर शांत झोप लागत होती.

तो प्रश्न असा लिहितात: मी डॉट न्यूरेकॉर्ड. इंग्रजी ‘मी’ म्हणजे तो फॉर्म स्वतः. मराठी माणसाला ते भाषांतर न करताच कळतं, वर्गातसुद्धा या एका शब्दाला कधी अडचण आली नाही. फॉर्म स्वतःकडे बघून होय किंवा नाही असं उत्तर देतो. ते उत्तर फक्त वाचायचं असतं, आपण त्याला ‘आता तू नवीन हो’ असं सांगू शकत नाही.

मी ऑल्ट आणि एफ-इलेव्हन दाबून कोडाची खिडकी उघडली. ‘तारीख घाल’च्या ओळीवर एफ-नाइननं थांबा लावला आणि काकूंना पुन्हा खाली जायला सांगितलं. गाडी थांब्यावर उभी राहिली. खालच्या तात्काळ उत्तराच्या चौकटीत प्रश्नचिन्ह टाकून विचारलं, मी डॉट न्यूरेकॉर्ड? उत्तर: ट्रू. दुसरा प्रश्न, मी डॉट डर्टी? म्हणजे हिच्यात काही लिहिलं गेलंय का? उत्तर: फॉल्स. मग एफ-एट दाबून एकच पाऊल पुढे, तारीख घातली गेली, आणि पुन्हा तोच प्रश्न. आता डर्टी ट्रू.

चोर सापडला. ओळ नवीन आहे हे मी बरोबर ओळखलं होतं. चूक ती ओळखल्यावर केलेल्या कामात होती. माणसानं अजून काहीही लिहिलेलं नसताना मी त्याच्या वतीनं लिहायला सुरुवात केली होती. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव पाहुणा म्हणून टाकायचं, तो आत येवो न येवो, तसलाच प्रकार.

सकाळी ११.३०

दुरुस्तीला दोन रस्ते होते. एक म्हणजे तारीख ‘बिफोर इन्सर्ट’मध्ये घालायची. ही घटना नव्या ओळीत माणसानं पहिलं अक्षर उमटवलं की घडते, त्याआधी नाही. हा रस्ता पक्का. पण काकूंना तारीख आधीच दिसायला हवी, म्हणजे फोनवर “या शुक्रवारी ना?” असं त्या वाचून विचारतात. म्हणून दुसरा रस्ता घेतला. रकान्याच्या ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’मध्ये येणारा शुक्रवार काढणारं छोटं फंक्शन बसवलं. डिफॉल्ट किंमत ताऱ्याच्या ओळीत दिसते, पण ओळ डर्टी होत नाही. पेन्सिल येत नाही. ऑन करंटमधल्या तिन्ही ओळी काढून टाकल्या.

“काकू, ठेवा बोट.”

दोर सुटला, डिसेंबर, जानेवारी, तारा. थांबला. ताऱ्यासमोर तारीख दिसत होती नि बाण कितीही दाबला तरी खाली काही नव्हतं.

“लागला तळ,” काकू म्हणाल्या आणि वालांकडे परत गेल्या.

आता उरली ती जुनी सतरा आणि प्रात्यक्षिकातली नऊ, अशी सव्वीस भुतं. मी सरळ पुसायला निघाले होते. काकूंनी थांबवलं.

“नंबर पडलेत ना त्यांना?”

पडले होते. बुकिंगचा नंबर मी जतन होण्याच्या क्षणी देते, ‘बिफोर अपडेट’मध्ये: ओळ नवीन असेल तर आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या नंबरात एक मिळव. इथेही तोच ‘मी डॉट न्यूरेकॉर्ड’चा पहारा. सुरुवातीला एकदा तो पहारा विसरले होते, तेव्हा काकूंनी जुन्या बुकिंगमधला फोन नंबर दुरुस्त केला तरी पाहुण्याला नवा बुकिंग नंबर मिळायचा, आणि पाहुणे व्हॉट्सॲपवर जुना नंबर दाखवून भांडायचे. ॲक्सेसचा स्वतःचा ऑटोनंबर मी मुद्दामच वापरत नाही. पहिलं अक्षर टाइप केलं की तो खर्च होतो, मग एस्केप दाबून माघार घेतली तरी परत मिळत नाही. आणि मागे काकूंच्या मुलाचं मशीन असतं तिथूनही त्याच वेळी बुकिंग चढू शकतं, म्हणून नंबर अगदी शेवटच्या क्षणी काढायचा आणि वर टेबलात ‘दोनदा नको’ असं कुलूप घालायचं. दोघांना एकच नंबर निघाला तर दुसऱ्याला ३०२२ क्रमांकाची चूक येते. ती पकडायची, पुढचा नंबर काढायचा, माणसाला कळूही द्यायचं नाही.

“पावतीपुस्तकातली पावती चुकली तर आपण फाडून टाकतो का?” काकूंनी विचारलं. “आडवी रेघ मारतो, ‘रद्द’ लिहितो, पुस्तकातच ठेवतो. उद्या कुणी विचारलं मधला नंबर कुठे गेला, तर काय सांगू, आमच्याकडची पोरगी शिकत होती?”

मी निमूटपणे ‘रद्द’ नावाचा एक खुणेचा रकाना वाढवला, सव्वीस ओळींत खूण केली आणि आजच्या यादीतून रद्द ओळी वगळल्या. हिशेबाचं शिक्षण आम्हाला कॉलेजात मिळालं, काकूंना पावतीपुस्तकातून. कुणाचं पक्कं, ते सांगत नाही.

दुपारी १.१५

जेवण काकूंकडेच. डाळिंब्यांची उसळ, तांदळाची भाकरी, पांढरा कांदा कच्चा. कांदा अलिबागचा आहे हे सांगावं लागत नाही, वेणीला टांगलेला असतो आणि चावला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. यावर मी आणखी लिहू शकते पण विषय फॉर्मचा आहे.

दुपारी २.००

खरं तर मी घरी जायला हवं होतं. पण जेवताना काकूंनी एक वाक्य टाकलं आणि माझी दुपार गेली.

“तुझं मशीन प्रत्येकाला नवीनच म्हणतं. ते पुण्याचे दरवर्षी येतात, दरवर्षी त्यांचं नाव, गाव, आधार, सगळं पुन्हा लिहायचं. ते काय नवीन आहेत?”

मशीनच्या शब्दकोशात नवीन याचा अर्थ एवढाच: ही ओळ अजून टेबलात गेलेली नाही. पुण्याचे पाचव्यांदा आले तरी त्यांची आजची ओळ नवीनच असते, आणि फॉर्म त्याबाबतीत खोटं बोलत नाही. बुकिंग नवं, पाहुणा जुना. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि पहिल्याचं उत्तर फुकट मिळतं म्हणून मी दुसरा आजवर विचारलाच नव्हता.

मग ठरवलं, मोबाइलचा रकाना भरून झाला की दोन गोष्टी बघायच्या. ओळ नवीन आहे का? असेल तर हाच मोबाइल जुन्या ओळींत आहे का? सापडला तर नाव, गाव, ओळखपत्र तिथून उचलायचं. पहिला प्रश्न इथेही टाळता येत नाही, नाहीतर जुन्या ओळीतला मोबाइल दुरुस्त करताना तिच्यात भलत्याचंच नाव जाऊन बसेल. नावावरून शोधण्यात अर्थ नव्हता. काकू मराठीत लिहितात, मुलगा इंग्रजीत, आणि एकाच आडनावाची त्यानं तीन स्पेलिंगं केलेली आहेत. मोबाइलचंही सरळ नाही. कुणी आधी शून्य लावतं, कुणी अधिक एक्याण्णव, कुणी मध्ये मोकळी जागा सोडतं. म्हणून आधी आकडे सोडून सगळं काढायचं, मग उजवीकडचे दहाच धरायचे. रकाना आकड्याचा नाही, मजकुराचा ठेवायचा. त्या नंबरांची बेरीज कुणी करणार नसतं.

आधी एक चाचणी म्हणून जुन्या सगळ्या ओळी मोबाइलप्रमाणे मोजल्या. पुण्याचे पाच वेळा, ठाण्याचे सात वेळा, आणि एक नंबर एकतीस वेळा. एकतीस! इतकं प्रेम नागाववर कुणाचं?

काकूंनी नंबर बघितला आणि हसत सुटल्या. “अगं, हा आपला टमटमवाला. बुकिंग न करता येतात ना, त्यांना तो घेऊन येतो. त्यांना गडबड असते, हा आपलाच नंबर देतो.”

माझ्या नव्या कोडानं टमटमवाल्याच्या पुढच्या सवारीला मागच्या सवारीचं नाव आणि आधार चिकटवलं असतं. थेट भरण्याचा बेत तिथेच सोडला. आता फॉर्म भरत नाही, विचारतो: ‘हा नंबर आधी आलेला आहे, अमुक नावानं, अमुक साली. तेच का?’ हो म्हटलं तरच उचलायचं. टमटमवाल्याचा नंबर मात्र वगळायच्या यादीत.

दुपारी ३.४०

विचारतो म्हटलं खरं, पण मराठीत विचारायचं म्हणजे अर्धा तास. ॲक्सेसची टेबलं देवनागरी आनंदानं ठेवतात, फॉर्मवरची नावंही मराठीत लिहिता येतात, पण कोड लिहायची खिडकी जुन्या जमान्यात अडकलेली. तिच्यात मराठी वाक्य चिकटवलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. विंडोजमध्ये युनिकोडच्या आधीची जी अक्षरसंचांची पद्धत होती तिच्यात देवनागरीला जागाच मिळालेली नव्हती, त्यामुळे सेटिंग बदलूनही फरक पडत नाही. माझा उपाय साधा आहे: ‘निरोप’ नावाचं एक टेबल, त्यात मराठी वाक्यं, प्रत्येकाला क्रमांक. कोडात फक्त क्रमांक, आणि वाक्य दाखवायला माझा स्वतःचा छोटा फॉर्म, दोन बटणांचा. वाक्य काकूंनी स्वतः सुचवलं. माझं होतं, ‘सदर भ्रमणध्वनी क्रमांक यापूर्वी नोंदविलेला आहे.’ त्यांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “हे काय, तलाठी आलाय का?” मग ठरलं: ‘हे आधी येऊन गेलेत. तेच ना?’

संध्याकाळी ५.१०

नवी प्रत दोन्ही मशिनींवर चढवली. नोंदींची फाईल गल्ल्यावरच्या मशीनमध्ये, फॉर्मची फाईल दोन्हीकडे वेगळी, मध्ये केबल. मुलाला ती केबल काढून वायफाय करायचंय, वाडीत काळी वायर लोंबते ते त्याला शोभत नाही. मी दर वेळी नाही म्हणते. ॲक्सेसची फाईल उघडी असताना वायफाय क्षणभर जरी तुटलं तरी फाईल बिघडू शकते, आणि आमच्याकडचं वायफाय तर माड हलला तरी तुटतं. मग एक पेन ड्राइव्ह काढला, नोंदींची प्रत घेतली, काकूंनी तो देवघराच्या फडताळात ठेवला. तीच त्यांची बॅकअपची जागा, आणि मला अजून तिच्यात दोष सापडलेला नाही.

सुरूच्या बनापलीकडे समुद्रावर जाऊन यावं असं मनात होतं. रस्त्यावर आलं तर घोडागाड्या, बनाना राइडवाल्यांची पोरं, मुंबईच्या गाड्या, सगळं सुरू झालेलं. मागे फिरले.

रात्री ८.४५

काकूंनी परत बोलावलं, पण तक्रारीसाठी नाही, पोपटीसाठी. पुण्याच्या पाहुण्यांना पोपटी खायची होती. वाडीच्या कडेला मडकं उपडं ठेवून त्याच्याभोवती सुकं गवत, झावळ्या पेटवल्या होत्या. आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, ओवा, जाडं मीठ. भांबुर्डीचा वास सगळ्या आळीत.

मी गल्ल्यावर बसले होते, उगाच, डॉक्टर रुग्णाजवळ बसतो तशी. संध्याकाळपासून फॉर्मनं चारदा ‘तेच ना?’ विचारलं होतं, चारही वेळा तेच निघाले होते. टमटमवाल्यानं एक सवारी आणली, फॉर्म गप्प राहिला, तेही बरोबर.

मग एक जोडपं आलं, स्कूटरवर, बुकिंग नसलेलं. पंचविशीचा मुलगा, बरोबर बायको, नवीनच लग्न झालेलं दिसत होतं. एक खोली मोकळी होती. मुलानं आपला मोबाइल सांगितला, काकूंच्या मुलानं तो टाइप केला. पेन्सिल आली. मी श्वास रोखून बघत होते. फॉर्मनं काहीच विचारलं नाही. ओळ नवीन, नंबर नवीन. माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं स्वच्छ आणि बरोबर.

काकू पोपटीकडून हात पुसत आल्या. मुलाकडे बघितलं. थांबल्या. पुन्हा बघितलं.

“तू विहिरीत चप्पल टाकलीस ती कधी रे?”

मुलगा आधी गोंधळला, मग कानापर्यंत हसला. “तुम्हाला आठवतं? बहिणीची होती.”

“बांबूनं काढली. तुझा बाप वर उभा राहून ओरडत होता.”

त्याची बायको त्याच्याकडे बघायला लागली. ही गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती.

मी हळूच जुन्या ओळींत गेले. सुरुवातीची रजिस्टरं आम्ही नंतर मशीनवर चढवली होती. आडनाव शोधलं, सापडलं, मे २०१२. वडलांचं नाव, वडलांचा नंबर, खोली नंबर तीन. पुढे ‘मोठे २’, आणि त्यापुढे ‘मुले २’. तो तिथे होता, अर्धा आकडा बनून.

“मिळालं?” काकूंनी विचारलं.

“मिळालं. पण याचं नाव नाहीये त्यात.”

“मुलांची नावं कोण लिहितं,” काकू म्हणाल्या, आणि स्वतः खुर्ची ओढून बसल्या. नव्या ओळीत मुलाचं नाव टाइप केलं, एका बोटानं, काना-मात्रा शोधत. मग शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात गेल्या. तिथे त्यांनी लिहिलं: ‘चप्पलवाला. खोली ३ देणे.’

खोली तीन रिकामी नव्हती, पाच रिकामी होती, याची त्यांना त्यांच्या मुलानं आठवण करून दिली. काकूंनी तीन खोडून पाच केलं. खालच्या बाणावर बोट ठेवलं. पेन्सिल गेली, दोर ताऱ्यापाशी थांबला.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, मडकं फोडतोय, चला.